मुठीवरचा लाल डाग

ईडन प्रेरी, मिनेसोटा
१४ जानेवारी १९८५

तीर्थरूप आत्या,

संक्रांतीचा नमस्कार. तिळगूळ पाठवला असता, पण इथल्या उणे पंचवीसच्या थंडीत तो दगड होऊनच तुमच्यापर्यंत पोचला असता आणि तुमच्या कवळीचं पाप माझ्या माथी आलं असतं. तेव्हा या वर्षी शब्दांनीच तोंड गोड करा.

काम असं आहे. आमच्या मंडळाचा पाडव्याला विशेषांक निघतो आहे आणि संपादक शैलाताई मागे लागल्या आहेत, "डॉक्टर, तुमच्या तलवारीवर लिहा." वडील गेले तेव्हा सोनगावच्या घरातून मी तेवढी एकच वस्तू मागून आणली होती. ती आता आमच्या दिवाणखान्यात फायरप्लेसच्या वर टांगली आहे. हॉस्पिटलातले लोक जेवायला आले की आधी तिच्यापाशी जाऊन उभे राहतात. तिच्या मुठीवरच्या नक्षीत एक लाल डाग बसलेला आहे, कितीही पुसला तरी जात नाही. परवा आमचे विभागप्रमुख चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "इज दॅट ब्लड?" मी म्हणालो, "व्हॉट एल्स?" त्यांच्या बायकोनं हातातला ग्लास खाली ठेवला.

आता ऐट मारली खरी, पण मला त्या तलवारीची काडीचीही माहिती नाही. ती कुणी कोणत्या लढाईत चालवली, एवढं तरी मला कळायला हवं. घराण्यात आता तुम्हीच सगळ्यात वडील. पणजोबा अमृतराव म्हणजे तुमचे सख्खे आजोबा. तुम्ही त्यांना पाहिलेलं आहे, तेव्हा दोन पानं खरडून पाठवा.

सीमा तुमच्याकडे दर रविवारी जेवायला येते म्हणाली. मृणालिनीला जाऊन सहा वर्षं झाली, त्यात ही पोरगी नोकरीसाठी माझ्यापासून हजार मैलांवर जाऊन राहिली. पण ती तुमच्याच गावात आहे म्हणून मी निर्धास्त आहे. तिच्यासाठी दोन स्थळं मनात आहेत. दोन्हीही घरंदाज.

तुमचा,
शैलेंद्र


जर्सी सिटी
२७ जानेवारी १९८५

चि. शैलू,

आशीर्वाद. माझ्या कवळीची काळजी केलीस, बरं वाटलं. ती माझ्या सुनेपेक्षा जास्त ऐकते माझं.

तलवारीचं विचारलंस. मला काय ठाऊक असणार? आमच्या वेळी मुलींना तलवारीपाशी उभंसुद्धा करत नसत. आजोबा होते तेव्हा मी लहान होते. म्हातारा माणूस, पान खायचा आणि मळ्याकडे तोंड करून ओसरीवर बसायचा, एवढंच आठवतं. तू आपला हृदयाच्या ऑपरेशनांवर लेख लिही. लोकांना त्याचा उपयोग तरी होईल. जुन्या लोखंडात काय ठेवलंय?

सीमा येते. गेल्या रविवारी पिठलं-भाकरी मागून खाल्ली. आमच्याकडे आठवडाभर हीटिंग बंद होतं, ते सुपरनी दुरुस्त केलं. इथे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला सुपर म्हणतात, तुला माहीत असेलच. आमचे सुपर आपलेच आहेत, बाळ दळवे. इचलकरंजीला सूतगिरणीत फिटर होते, बहीण इथे नर्स होती तिनं बोलावून घेतलं. खाली तळघरातल्या दोन खोल्यांत राहतात. बायको शोभा कपड्यांच्या कारखान्यात जाते. मुलगा प्रसन्न सरकारी शाळेत गणित शिकवतो. फार गुणी माणसं.

स्थळं बघायची घाई करू नकोस. मुलगी मोठी आहे, तिला विचारून घे.

तुझी आत्या,
सुमित्रा


ईडन प्रेरी
१७ फेब्रुवारी १९८५

तीर्थरूप आत्या,

तुमचा विनय मला ठाऊक आहे. देशमुखांच्या बायकांनी स्वतःच्या घराण्याचं कौतुक करू नये, ही शिस्त तुम्ही पंचावन्न वर्षं अमेरिकेपर्यंत सांभाळत आणलीत. पण त्यामुळे माझी पंचाईत झाली. अंक छापायला जायचा होता, म्हणून मी लेख लिहून टाकला.

अमृतरावांच्या आजोबांनी ही तलवार असईच्या लढाईत चालवली असं लिहिलं आहे. वर्षांचा हिशेब बसतो. शेवटी एक वाक्य टाकलं आहे, ते शैलाताईंना फार आवडलं: "या मुठीवरचा लाल डाग आमच्या घराण्यानं पुसला नाही, कारण तो आमचा कुळाचार आहे." वाचून सांगा कसं वाटलं.

तुमच्या त्या सुपरना दोन-तीन जुने कोट पाठवू का? चांगले लोकरीचे आहेत, मला पोटावर होत नाहीत. तळघरात ओल असेल. आणि एक सुचवतो, राग मानू नका. सीमाचा स्वभाव तिच्या आईसारखा, कुणाच्याही स्वयंपाकघरात जाऊन बसायचा. गुणी माणसं असतात हे कबूल, पण फार सलगी बरी नव्हे. उद्या ती माणसं बरोबरीनं वागायला लागली की आपल्यालाच अवघड होतं.

शैलेंद्र


ईडन प्रेरी
२६ मार्च १९८५

आत्या,

माझ्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही, सीमाचा फोन आला.

रविवारी मंडळाचा पाडवा होता. दीडशे लोकांसमोर मी लेख वाचून दाखवला. लोक उठून उभे राहिले होते. घरी येऊन बूट काढतो न काढतो तोच फोन. "बाबा, आय अॅम गेटिंग मॅरिड. तुम्ही त्याला ओळखत नाही, पण आज्जी ओळखते."

आज्जी ओळखते! आज्जीच्याच घरी त्यांची ओळख झाली. आज्जीच्याच जेवणाच्या टेबलावर ते सप्टेंबरपासून दर रविवारी समोरासमोर बसताहेत. आणि मला तुमचं पत्र येतं, की सीमानं पिठलं-भाकरी मागून खाल्ली.

मी तुमच्या भरवशावर राहिलो. मुलगी शिकली, नोकरी करते, तिला मत आहे, हे सगळं मला मान्य आहे. अमेरिकन मुलगा आणला असता तरी मी महिनाभर रुसून गप्प बसलो असतो. पण हा कोण? इमारतीचे नळ दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. देशमुखांची मुलगी तळघरात सून म्हणून उतरणार? माझ्या ओळखीच्या माणसांनी मला विचारलं की व्याही काय करतात, तर मी काय सांगू? बॉयलर सांभाळतात?

मला लाज वाटते, आत्या. माझ्या मुलीची वाटते, आणि तुमचीही वाटते. मी लग्नाला येणार नाही. तिला तसं सांगितलं आहे.

शैलेंद्र


जर्सी सिटी
४ एप्रिल १९८५

शैलू,

लपवलं, हे खरं. माझं चुकलं. मला लपवायची फार जुनी सवय आहे, त्यामुळे काही सांगायची वेळ आली की माझ्या तोंडाला आपोआप कुलूप लागतं. सीमा मला किती वेळा म्हणाली, "आज्जी, तू सांग ना बाबांना, तुझं ऐकतील." मी दर वेळी पुढच्या रविवारवर ढकललं.

तुझे कोट आले. मी ते खाली दिले नाहीत, कपाटात मागे ढकलून ठेवलेत. दळव्यांच्या घरात तुझी पत्रं कुणी वाचत नाही, तरी तो खोका उघडताना माझीच मान खाली गेली.

तुझा लेखही आला. मी तो तीनदा वाचला. त्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे, शैलू, पण फोनवर आमचा कुमार आणि सूनबाई ऐकतात, आणि कागदावर लिहायला हात धजत नाही. तू इकडे ये, म्हणजे समोर बसवून सांगेन.

लग्न आठ जूनला, शनिवारी, जवळच्या एका चर्चच्या खालच्या हॉलमध्ये आहे. दळव्यांनी गुरुजी ठरवलेत. कन्यादानाला बाप लागतो. माझ्यासाठी नको, पोरीसाठी ये.

आत्या


ईडन प्रेरी
२८ मे १९८५

तीर्थरूप आत्या,

तुमची दोन पत्रं आणि कुमारचा फोन, सगळं पोचलं. मी पुष्कळ विचार केला. माणूस म्हणून माझा त्या मुलावर राग नाही. पण मी त्या हॉलमध्ये उभा राहिलो, म्हणजे मी या सोयरिकीला हो म्हटलं असा अर्थ होतो, आणि ते माझ्याच्यानं होणार नाही. इथल्या चार लोकांत मला राहायचं आहे.

तरीही मी काही दगड नाही. मुलीला उघड्यावर टाकलं असं कुणी म्हणू नये म्हणून मी व्यवस्था केली आहे. अल्फारेटाहून मृणालिनीचा भाऊ चंद्रशेखर येईल. कन्यादानाला तो माझ्या जागी बसेल. त्याच्याबरोबर मृणालिनीचा शालू, तिचे दागिने आणि चांदीची भांडी पाठवतो आहे. लोकांना काय सांगायचं ते त्याला सुचेलच. रीतीत कुठे उणं पडणार नाही. माझ्या वतीनं सगळं तिथे असेल, फक्त मी नसेन. एवढं पुरे समजा.

शैलेंद्र


जर्सी सिटी
११ जून १९८५

शैलू,

लग्न झालं. आधी ते सांगते, मग दुसरं.

हॉल लहान होता, पण नीटनेटका. दळव्यांनी स्वतः खुर्च्या पुसल्या. शोभानं आणि तिच्या कारखान्यातल्या बायकांनी मिळून साठ माणसांचा स्वयंपाक केला, त्यात दोन पोर्तो रिकोच्या बायका होत्या, त्यांनी पुऱ्या लाटल्या. सीमानं मृणालिनीचा शालू नेसला होता. चंद्रशेखरनं सगळ्यांना सांगितलं की डॉक्टर निघणारच होते, विमानतळावर जाताना हॉस्पिटलचा फोन आला, कुणाचं तरी तातडीचं ऑपरेशन करावं लागलं. दळव्यांनी लगेच हात जोडले आणि म्हणाले, "त्यांचं काम मोठं आहे. त्या माणसाचा जीव वाचू दे."

सीमा प्रत्येकाला हेच सांगत होती. तिच्या ऑफिसातल्या मुली आल्या होत्या, त्यांनाही. "माय डॅड वॉज कमिंग. ही हॅड अ पेशंट." माझ्याजवळ येऊन मलाही म्हणाली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गप्प बसले. खोट्यापुढे गप्प बसणं मला चांगलं जमतं.

चंद्रशेखर कन्यादानाला बसला. बाजूला एका चौरंगावर तू पाठवलेली चांदीची भांडी मांडली होती. ती पाहिली आणि मी होते तिथेच खाली बसले. शोभानं मला धरून खुर्चीवर बसवलं. तिला वाटलं, उकाड्यानं होतंय.

आता दुसरं. तू जानेवारीत विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. मी तुला खोटं लिहिलं होतं. मला त्या तलवारीचं सगळं ठाऊक आहे.

ती तलवार कुठल्याही लढाईत गेली नाही. ती एका लग्नाला गेली.

सोनगावला विड्याच्या पानांचा मळा होता. तिथल्या गड्याची मुलगी तानी. माझे आजोबा अमृतराव बावीस वर्षांचे होते, त्यांचं एक लग्न झालेलं होतं, मोठ्या घरची मुलगी होती. ते रोज सकाळी घोड्यावरून मळ्यात पानं घ्यायला जायचे. पानं आणायला गडी असतात, हे सगळ्या गावाला कळत होतं. वर्षभरानं त्यांनी घरात सांगितलं की तानीशी लग्न करीन, तिला नुसती ठेवणार नाही. त्या काळात हे म्हणायलाही छाती लागत होती, ते मी कबूल करते.

घरच्यांनी तोड काढली. मोठ्या घरच्या पुरुषाला हलक्या घरची मुलगी करायची असली, तर त्या काळी एक रीत होती. नवरा जात नसे, त्याची तलवार जायची. तिला खांडा म्हणत. खांड्याशी लग्न लागायचं. म्हणजे लग्न झालंही, आणि देशमुख गड्याच्या दारात मुंडावळ्या बांधून उभेही राहिले नाहीत. आजोबांना विचारलं, असं चालेल का? ते हो म्हणाले.

हे मला खुद्द तानीनं सांगितलं. ती माझी आजी, शैलू. तुझी पणजी. तू ज्यांचं नाव वंशावळीत लावतोस त्या मोठ्या आजींना मूल झालं नाही. तानीला मुलगा झाला, तो माझा बाप, तुझा आजोबा. पाच वर्षांचा झाल्यावर त्याला उचलून मोठ्या घरात नेलं आणि दुसऱ्या बाईला आई म्हणायला शिकवलं. तानी मळ्यातल्या घरातच राहिली. मी नऊ-दहा वर्षांची असताना तिच्याकडे डबा घेऊन जायचे. माझा बाप स्वतः कधी जात नसे. गेलाच तर तिला "तानाबाई" म्हणायचा.

एकदा तिनं सांगितलं. बैलगाडीतून तलवार आली, शेल्यात गुंडाळलेली, मुठीला मुंडावळ्या बांधलेल्या. पाटावर ठेवली. मध्ये अंतरपाट धरला. पंधरा वर्षांची पोर समोर हार घेऊन उभी. अंतरपाट खाली झाला तेव्हा तिला हसू आलं आणि मग रडू आलं, असं म्हणाली. तलवारीला कुंकू लावायला सांगितलं. गळून पडू नये म्हणून तिच्या आईनं आधी मुठीला मेण चोपडलं. तानीचा हात इतका कापत होता की सगळं कुंकू नक्षीत भरलं.

तुझ्या पाहुण्यांना तू जे दाखवतोस ते रक्त नाही. तुझ्या पणजीच्या लग्नाचं कुंकू आहे ते.

मी तिला विचारलं होतं, "आजी, आजोबांचा जीव नव्हता का तुझ्यावर?" ती म्हणाली, "होता गं. फार होता. मरेपर्यंत होता. पण जीव असून आले नाहीत." एवढं बोलून ती भाकऱ्या थापायला बसली.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांनी आजीचं माहेर विचारलं. वडिलांनी मोठ्या आजींच्या घराण्याचं नाव सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तानी तेव्हा जिवंत होती. तिला लग्नाला बोलावलं नाही. पंचावन्न वर्षं मी ती मान डोलावते आहे. नवऱ्याला सांगितलं नाही, कुमारला सांगितलं नाही. तू जानेवारीत विचारलंस तेव्हा सांगितलं असतं तर तू तो लेख लिहिला नसतास, आणि कदाचित चांदीची भांडीही पाठवली नसतीस. मला त्याची लाज वाटते, शैलू. तू मार्चमध्ये मला लिहिलंस की तुमची लाज वाटते, तेव्हा मी मनात म्हटलं, याला कळलंही नाही आणि हा बरोबर बोलला.

मी तुला काय करावं ते सांगत नाही. तो अधिकार मी केव्हाच घालवला.

आत्या


ईडन प्रेरी
७ जुलै १९८५

तीर्थरूप आत्या,

तुमचं पत्र सतरा जूनला मिळालं. दहा दिवस ते कोटाच्या आतल्या खिशात घेऊन हिंडलो. रागावलो, हे आधी कबूल करतो. वाटलं, म्हातारपणी तुम्हाला भ्रम झाला असेल. मग एका दुपारी घरी कुणी नसताना तलवार उतरवली आणि नखानं मुठीवरची नक्षी खरवडली. खाली मेण होतं.

मी एकोणतीस जूनला तुमच्या गावात येऊन गेलो. तुमच्याच इमारतीत, तुमच्या घराच्या तीन मजले खाली येऊन गेलो आणि वर आलो नाही. का, ते शेवटी सांगतो.

कुणाला न कळवता गेलो होतो. दाराशी नावांच्या पाट्या आहेत त्यात सगळ्यात खाली नुसतं "सुपर" लिहिलंय, नाव नाही. घंटी दाबून सात पायऱ्या उतरलो. दळव्यांनी दार उघडलं. बनियनवर होते. मला फोटोवरून ओळखलं असावं, आधी आत पळाले, शर्ट घालून आले आणि म्हणाले, "या या डॉक्टरसाहेब, आधी कळवलं असतंत तर एअरपोर्टला आलो असतो." सीमा आणि प्रसन्न तिथेच होते, शनिवारी ती दोघं जेवायला तिथे येतात. सीमा उठून उभी राहिली. जवळ आली नाही, लांबही गेली नाही.

मला त्यांनी जेवायला बसवलं. नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. शोभावहिनी वाढायला लागल्या आणि वाढता वाढता म्हणाल्या, "लग्नात तुमची फार आठवण काढली. हॉल बारका होता, तुमची गैरसोयच झाली असती म्हणा." माझी बाजू त्याच घेत होत्या.

मग दळव्यांनी विचारलं, "साहेब, तो पेशंट कसा आहे आता?"

मला आधी कळेना, कोण पेशंट. मग आठवलं. ते पुढे म्हणाले, "हिनं मारुतीला नारळ बोललाय त्याच्यासाठी. म्हटलं, आपल्या पोरीच्या लग्नाचा मुहूर्त सोडून माणूस ज्याच्यासाठी थांबला, तो जगायला पाहिजे."

आत्या, मी तीस वर्षं माणसांच्या छात्या उघडतो आहे, माझा हात कधी हलला नाही. हातातला घास मी ताटात परत ठेवला. सीमा माझ्याकडे बघत होती. पेशंट बरा आहे, एवढं म्हणालो असतो तर सगळं निभावलं असतं. वहिनींनी नारळ फोडला असता, सीमानं तिच्या मैत्रिणींना सांगितलेलं खरं राहिलं असतं. शब्द माझ्या जिभेवर आले होते. आपल्या घरात ते सहज येतात, हे मला आता कळलंय.

मी म्हणालो, "पेशंट नव्हता. ऑपरेशनही नव्हतं. मी घरी बसून होतो. मला तुमच्याकडे यायची लाज वाटत होती."

वहिनींच्या हातातला डाव तसाच राहिला. दळव्यांनी मान खाली घातली आणि अगदी हळू म्हणाले, "आम्हाला ठाऊक होतं, साहेब. पण पोरीसमोर कशाला बोललात?"

मी सीमाकडे पाहिलं. ती म्हणाली, "आय न्यू, बाबा. मामाला नीट खोटं बोलता येत नाही." आणि पुढे म्हणाली, "आय जस्ट लाइक्ड टेलिंग पीपल यू वर कमिंग."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मुलीपुढे माझी अब्रू जाऊ नये म्हणून दळवे नवरा-बायको खोटं सांभाळत होते, आणि सासरच्यांपुढे माझी अब्रू जाऊ नये म्हणून मुलगी. तीन आठवडे एकमेकांसमोर बसून ती माणसं एका नसलेल्या रोग्याची विचारपूस करत होती. आणि ज्याची अब्रू ती राखत होती, त्या मी त्यांना माझे जुने कोट पाठवले होते.

मी जेवलो. पानात वाढलेलं सगळं संपवलं. निघताना दळव्यांच्या पाया पडायला वाकलो, तर ते घाबरून मागे सरले आणि भिंतीला टेकले. एकदाही न भेटता त्यांना माझी भीती वाटावी असाच मी आजवर वागलो असणार. मग मी नुसता त्यांचा हात धरला. सीमा दारापर्यंत आली. तिनं मला पुन्हा या म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

रस्त्यावर आल्यावर वर पाहिलं. तुमच्या खिडकीत दिवा होता, तुम्ही बसलेल्या दिसत होतात. मी जिना चढलो नाही. तुम्ही मला आधीच माफ केलं असतंत, तोंडभर हसला असतात आणि चहा टाकला असतात. ते मला त्या दिवशी सोसलं नसतं.

लेख खोटा होता असं पत्र मी शैलाताईंना पाठवलं आहे, तानीच्या नावासकट. त्या छापतील की नाही माहीत नाही. मंडळातल्या लोकांचे फोन थांबले आहेत.

तुमचा,
शैलेंद्र